धाराशिवच्या सव्वा लाख बायका आणि तीन तपासण्या

गटाच्या बैठकीत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. "काही त्रास नाही, तर तपासायचं कशाला?" आणि "त्यानं जीव वाचतो का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जतपासून फार लांब नाही, सोलापूरच्या पलीकडे शोधलं गेलं. आज त्याचा इतिहास सांगते.

हा कॅन्सर होण्याआधी बरीच वर्षं तिथल्या पेशी बदलत जातात. तेव्हा दुखत नाही, काही दिसत नाही. पण तेव्हाच सापडलं तर छोट्या उपचारात काम भागतं. ते शोधायच्या तीन पद्धती होत्या. पहिलीत पेशी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघतात, ती पॅप तपासणी. दुसरीत व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात, बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी होते. तिसरीत कॅन्सरला कारण असलेला एचपीव्ही विषाणू आहे का, ते प्रयोगशाळेत बघतात. यातली खेड्यात कुठली कामाची?

डाळिंबावर नवीन औषध मारताना जाणता शेतकरी चार ओळी तशाच सोडतो. नाहीतर फळ औषधानं सुधारलं की पावसानं, हे कळणार कसं? इथंही तेच केलं. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात काम सुरू केलं. गावांचे 52 समूह केले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. भिशीची चिठ्ठी काढावी तसे समूह चार गटांत वाटले, म्हणजे कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही. तीन गटांत एकेक तपासणी, तीही एकदाच. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे अशी मोहीम नाही. मग आठ वर्षं नोंद ठेवली.

निकाल 2009 साली छापून आला. एचपीव्ही गटात 34,126 बायका होत्या, त्यातल्या 34 या कॅन्सरनं गेल्या. चौथ्या गटात 31,488 होत्या, त्यातल्या 64 गेल्या. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कॅन्सर सापडलेल्या बायका दोन्हीकडे जवळपास सारख्याच, 127 आणि 118. पण पसरलेल्या अवस्थेत सापडलेल्या एका बाजूला 39, दुसऱ्या बाजूला 82. सगळा फरक वेळेवर सापडण्याचा.

पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. मग व्हिनेगर फुकट का? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानंच 1998 पासून दुसरा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं आणि दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, व्हिनेगरची तपासणी केली. तिथं मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे व्हिनेगरची तपासणी एकदा करून सोडायची नाही, पुन्हा पुन्हा करायची.

चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. तपासणीचा उपयोग होतो हे परदेशात दिसलं होतं, मग या बायकांना तसंच का ठेवलं, असं टीकाकारांनी विचारलं. इथं तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, असं संशोधकांचं म्हणणं. प्रश्न सोपा नाही. पण त्या 64 जणी नुसता आकडा नव्हत्या, कुणाच्या आई, कुणाच्या जावा होत्या. म्हणून उद्या आपल्या गावात कुणी अभ्यासाला आलं, तर कागदावर सही करण्याआधी विचारा, मी कुठल्या गटात आहे, मला काय मिळणार आणि काय नाही?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. त्रास नसतानाच तपासायचं असतं. केंद्र सरकारच्या 2016 च्या सूचनेत 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरनं तपासणी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते. मधेच अंगावरून लाल जात असेल, पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल, तर शिबिराची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि शिबिरात गेलात की आशाताईंना विचारा, यातली कुठली तपासणी आहे आणि पुन्हा कधी यायचं? ती तारीख गटाच्या वहीत, हप्त्याच्या शेजारीच लिहून ठेवू या.