हरित गुन्हेशास्त्र
पर्यावरणाच्या हानीचा गुन्हा म्हणून अभ्यास करणारी गुन्हेशास्त्राची शाखा. ही संज्ञा अमेरिकी अभ्यासक मायकेल लिंच यांनी १९९० मध्ये मांडली. कायदा मोडला का, एवढ्यावर न थांबता हानी कोणाची झाली आणि कायदा कोणी घडवला, हेही ही शाखा विचारते. तिचे खरे बळ यातच आहे. राज्यसंस्थाही तिच्या कक्षेत येते: १९८५ मध्ये फ्रान्सच्या हेरांनी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे जहाज ऑकलंड बंदरात स्फोटाने बुडवले. कंपन्यांनी केलेली हानीही ती तपासते: २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी मिथाइल आयसोसायनेट वायू गळून हजारो माणसे मेली. १९८९ मध्ये भारत सरकारने कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली. ती पीडितांवर अन्याय करणारीच होती. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांच्यावर भारतात अखेरपर्यंत खटला चालू शकला नाही.