साथीला यंत्र : एक मागोवा

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका चाळीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. पहिल्या दशकातील प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी 'संवादिनी' व 'तबला' या शब्दांपुढे कोणाचे तरी नाव आहे. कोणी रेल्वेतले, कोणी टपाल खात्यातले, कोणी बँकेतले. अलीकडच्या पत्रिकांत त्या जागी 'ट्रॅक' एवढाच शब्द उरला आहे. बदलीच्या हुकमाने वादक गेले आणि त्यांच्या जागा रिक्तच राहिल्या. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आम्हांस ही स्थिती परिचयाचीच. मात्र त्या रिक्त जागेवर येऊन बसलेले हे यंत्र आले कोठून?

त्याचा उगम मैफलीत नव्हे, घरच्या रियाजात सापडतो. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये 'म्युझिक मायनस वन' या नावाने अशा ध्वनिमुद्रिका निघू लागल्या, की ज्यांत एक वाद्य मुद्दाम वगळलेले असे. ते घरी बसून शिकणाऱ्याने वाजवायचे.

पुढची हकीकत जपानमधील कोबे शहरातली आहे. दाइसुके इनोउए हे तेथील मद्यगृहांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत. गाणारे हौशी, तेव्हा त्यांची पट्टी आणि चाल पाहून आपले वादन वळवावे लागे. एका उद्योजकाने त्यांना प्रवासात साथीला बोलाविले. जाणे शक्य नव्हते, म्हणून इनोउए यांनी त्याच्या गाण्याच्या बेताने वाजवून फीत धाडली. त्यातूनच 1971 साली त्यांचे यंत्र तयार झाले, आणि पुढे कराओके जगभर पसरले. त्यांनी पेटंट घेतले नाही, हेही जाता जाता नमूद करावयास हवे. पहिली फीत एका विशिष्ट माणसाच्या गळ्यासाठी होती. यंत्र झाल्यावर मात्र ती कोणासाठीच थांबेना.

त्याच 1971 साली लंडनच्या 'द हू' या वाद्यवृंदाने 'वोन्ट गेट फूल्ड अगेन' हे गीत प्रसिद्ध केले. त्यातील सिंथेसायझरचे स्वर रंगमंचावर ध्वनिफितीवरून वाजत, आणि ड्रमवादक कीथ मून कानांना हेडफोन लावून त्या फितीबरोबर चाले. ज्याने इतरांना लय द्यावी, तोच लयीचा ताबेदार झाला! नोव्हेंबर 1973 मध्ये न्यूकॅसल येथे फीत काही सेकंद उशिरा सुरू झाली, तेव्हा पीट टाउनशेंड यांनी भर कार्यक्रमात संतापून त्या फितींचीच नासधूस केली. वादक चुकला तर सहकारी त्याला सावरून घेतात; फितीला सावरणार कोण?

आपल्याकडे 1979 साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनविला. त्याच्याशी कोणाचे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही, कारण तो केवळ स्वर धरतो. काळ मोजीत नाही.

संगणकाने या हट्टी फितीला थोडेफार वळण लावले. फितीची गती वाढविली की स्वरही चढे. बर्लिनहून 2001 साली आलेल्या 'एबलटन लाइव्ह'मुळे स्वर न ढळू देता कार्यक्रम चालू असतानाच गती बदलता येऊ लागली. 2007 साली ॲपलचे 'मेनस्टेज' आले आणि 2009 मध्ये त्यात 'प्लेबॅक' ही सोय झाली. तिची मांडणी थोडक्यात अशी : प्रत्येक गीताचा ट्रॅक वेगळ्या कप्प्यात ठेवावा, मुखडा, अंतरा येथे खुणा कराव्यात, वाटेल तो भाग वर्तुळासारखा फिरता ठेवावा, ठोक्यांचा आवाज वेगळ्या वाटेने केवळ वादकाच्या कानी जावा आणि श्रोत्यांना तो ऐकू येऊ नये. पायाखालचे पेडल दाबले की खूण गाठून मगच पुढचा भाग सुरू होतो, मध्येच नव्हे.

हे सारे आम्ही तालमीच्या धक्क्याने शिकलो. मंडळातील ज्येष्ठ काकू नाट्यगीत म्हणत होत्या. आलापात त्या रमल्या, आणि ट्रॅक त्यांना मागे टाकून अंतऱ्यात शिरला. काकूंनी माइक खाली ठेवला. "याला जरा थांबायला सांगा," एवढेच म्हणून त्या घरी गेल्या. दोन दिवस त्या तालमीस आल्या नाहीत.

तेव्हा आमच्या एका तरुण सभासदाने दोन रात्री जागून त्या ट्रॅकचे तुकडे केले. आता आलाप चालू असेतो ठेका फिरत राहतो. प्रश्न उरला तो पेडल दाबायचे कोणी, हा. तरुणाला ठोके मोजता येतात, परंतु काकू समेवर केव्हा येणार ते कळत नाही. ते ज्यांना कळते असे एकच गृहस्थ आता मंडळात उरले आहेत. पहिल्या पत्रिकेत त्यांचे नाव आहे. संधिवाताने त्यांची बोटे आखडली आहेत, पण पाय शाबूत आहेत. परवाच्या तालमीत ते काकूंच्या तोंडाकडे पाहत बसले होते, आणि त्यांनी एकदाही चूक केली नाही.

सुवर्णमहोत्सवी पत्रिकेत त्यांच्या नावापुढे काय छापावे, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. आम्ही छापखान्याकडे 'तबला' असेच लिहून दिले आहे.