स्वतःचा अंबाडा स्वतः बांधणाऱ्या बायका

आज आपण चीनच्या दक्षिण टोकाला जाऊन येणार आहोत. हातात पगार आला म्हणजे बाईचं काय काय बदलतं आणि काय तसंच राहतं, यावर आपल्या गटांत नेहमी बोलणं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या काही खेड्यांत हाच प्रश्न उभा राहिला होता. त्याची ही हकीकत.

आधी मुलूख समजून घेऊ. चीन म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळे लोक एकसारखे. सरकारी यादीत तिथे ५६ समाज आहेत. शंभरातले नव्वदाहून जास्त लोक हान समाजाचे, पण तेही एका साच्यातले नाहीत. उत्तरेला थंडी आणि गहू, दक्षिणेला पाऊस आणि भात. दक्षिणेच्या ग्वांगडोंग प्रांतातली कँटनी बोली बीजिंगच्या माणसाला कानाने कळत नाही. लिहिलेलं मात्र दोघंही वाचू शकतात.

या ग्वांगडोंगमध्ये पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशा तीन दिशांनी तीन नद्या येतात आणि समुद्राजवळ फुटून त्यांचं जाळं होतं. त्याला मोती नदीचा त्रिभुज प्रदेश म्हणतात. जमीन सखल, पाणी भरपूर, माणसांची दाटी. तिथल्या शुनदे आणि नानहाय भागांतल्या शेतकऱ्यांनी पाणथळ जमीन खणून तळी केली, निघालेल्या मातीचे रुंद बांध घातले आणि बांधांवर तुती लावली. तुतीचा पाला रेशमाच्या अळ्यांना, अळ्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना आणि तळ्याचा गाळ परत तुतीच्या मुळाशी. काहीच वाया जात नाही. जालना-बीडकडे ज्या मैत्रिणी रेशीम शेती करतात, त्यांना ही युक्ती ऐकून मौज वाटेल. तिथल्या उबदार हवेत वर्षाला सहा-सात वेळा कोष निघत.

कोषावरचं काम बायकांचं. अळ्यांना पाला घालायचा, कोष गरम पाण्यात सोडून धाग्याचं टोक शोधायचं, धागा गुंडाळायचा. हे घरोघरी चालायचं. मग १८७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चेन चीयुआन नावाचा व्यापारी परदेशातून गावी परतला आणि त्याने नानहायमध्ये वाफेवर चालणारा रेशीम कारखाना काढला. बघता बघता असे कारखाने वाढले. हातमागाच्या विणकरांना वाटलं, आपलं सूत पळवलं. १८८१मध्ये त्यांनी दंगा करून कारखान्यावर हल्ला केला. पण कारखाने थांबले नाहीत, आणि त्यांना हवे होते बायकांचे हात. तेही शक्यतो बिनलग्नाच्या पोरींचे, म्हणजे पदरात मूल नाही आणि सासरचं बोलावणं नाही.

काम सोपं नव्हतं. वाफेने कोंदलेली खोली, उकळत्या पाण्यात दिवसभर बोटं. पण आठवड्या-महिन्याला रोख पैसा हातात पडे, आणि तो मुलीच्या नावाचा असे.

या भागात लग्नाची एक जुनी चाल होती. नवरी तिसऱ्या दिवशी माहेरी परत यायची आणि साधारण तीन वर्षं तिथेच राहायची. सासरी जायचं ते सणावारापुरतं. तरण्या मुली रात्री गावातल्या मुलींच्या घरात एकत्र झोपत, गाणी-गोष्टी करत, जिवाच्या मैत्रिणी जोडत. म्हणजे लग्न लांबवायची वाट आधीपासून होती. पगार आल्यावर काहींनी पुढचं पाऊल टाकलं: लग्नच नको.

तिथे लग्न न झालेली मुलगी लांब वेणी घालायची. लग्नाच्या वेळी वडीलधारी बाई तिचे केस विंचरून अंबाडा बांधायची. या मुलींनी ठरवलं, आपला अंबाडा आपणच बांधायचा. चांगला दिवस बघून, नवे कपडे घालून त्या ग्वानयिन देवीपुढे उभ्या राहत. आधी शपथ घेतलेली एखादी थोरली बाई मदतीला असे. केस विंचरून अंबाडा घातला की शपथ पुरी. त्यांना नावच पडलं ‘स्वतःचे केस विंचरणाऱ्या’. ही ग्वानयिन म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत दिसणारा अवलोकितेश्वर. बौद्ध धर्माबरोबर तो चीनला गेला आणि तिथे पुढे बाईच्या रूपात पुजला जाऊ लागला.

आईबापांनी हे कसं चालू दिलं? काही मायेपोटी. पण स्वच्छ सांगायचं तर पुष्कळांनी पगारापोटी. लेक घरी राहिली तर तिची कमाईही घरातच राहते. शिवाय भावंडांची लग्नं वयाच्या क्रमानेच होत. थोरलीने अंबाडा घातला की धाकट्यांची वाट मोकळी. म्हणून हे सगळं बंड होतं असं आम्हाला म्हणवत नाही. कुणी मनाने शपथ घेतली, कुणी घरासाठी. ज्यांचं लग्न आधीच लागलं होतं त्यांतल्या काहींनी तर साठवलेल्या पैशातून नवऱ्याला दुसरी बायको आणून दिली आणि आपली सुटका करून घेतली. ती दुसरी बहुधा गरिबाघरची पोर असे. तिला कुणी विचारलं नसणार. शपथही सुटायची नाही. मोडली तर गाव कडक शिक्षा करायचं.

आणि पगार देणाऱ्या लेकीला माहेरात एक गोष्ट मिळत नव्हती. मरायला जागा. लोकांची समजूत अशी, की बिनलग्नाच्या मुलीने बापाच्या घरात प्राण सोडला तर घराचं वाईट होतं. पूर्वजांच्या देवघरात तिच्या नावाची पाटीही ठेवत नसत. आयुष्यभर भावाची पोरं पोसलेली बाई शेवटच्या दिवसांत घराबाहेर! मग या बायकांनी भिशी चालवल्या. हो, अगदी आपल्यासारख्या: ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने उचलायची. त्यातून आणि इतर बचतीतून पाच-दहा जणींनी मिळून घरं घेतली. म्हातारपण तिथे, आजारपण तिथे, शेवटही तिथे. धाकट्या थोरल्यांची सेवा करत आणि मेलेलीच्या नावाने उदबत्ती लावत.

१९२९नंतर जगभर मंदी आली, रेशमाचा भाव कोसळला आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. १९३८मध्ये जपानी फौजांनी ग्वांगझू शहर घेतलं. तेव्हा सिंगापूरच्या इंग्रज सरकारने १९३३पासून बाहेरून येणाऱ्या पुरुषांवर मर्यादा घातली होती, बायकांवर मात्र १९३८पर्यंत नव्हती. त्या वाटेने या बायका बोटीने सिंगापूर-मलायात गेल्या आणि श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक आणि मुलं सांभाळायच्या कामाला लागल्या. पांढरा सदरा, काळी विजार, मागे अंबाडा किंवा लांब वेणी, अशी त्यांची ओळख झाली. सुट्टीला टेकायला म्हणून कितीतरी जणींनी मिळून एकेक खोली भाड्याने घेतली होती. पैसे मात्र गावी जात राहिले. भावाचं घर, पुतण्याची शाळा त्यांवर चालली.

त्याच पैशातून १९५०च्या सुमारास शुनदेतल्या जूनआन भागात एक दुमजली इमारत उभी राहिली, परत येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. तिचं नाव ठेवलं ‘बर्फ आणि जेड यांचं सभागृह’. जेड म्हणजे तिकडचा मौल्यवान हिरवट दगड. पुढे काही जणी खरोखरच परत येऊन तिथे राहिल्या. आता तिथे संग्रहालय आहे. आत एका दालनात लाकडी पाट्या मांडल्या आहेत, आणि त्यांवर या बायकांची स्वतःची नावं आहेत.