वारा, वखार आणि देवालय

मानवी संस्कृतींच्या जडणघडणीचा विचार करताना इतिहासकार भूगोल, व्यापार आणि श्रद्धा या तीन गोष्टींचा निर्देश नेहमी करतात. परंतु या तीन शक्ती एकमेकींवर नेमके कसे कार्य करतात, हे एखादे ठळक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवल्याखेरीज ध्यानात येत नाही. आमच्या पिढीला लिसेवमध्ये ईजिप्त, ग्रीस आणि रोम यांचा इतिहास शिकविला गेला. नाईल नदीचा प्रवाह होडीला उत्तरेकडे नेतो आणि त्या देशात वाहणारा वारा शिडाला दक्षिणेकडे ढकलतो, म्हणून ईजिप्त इतक्या प्राचीन काळी एका राजसत्तेखाली आले, हे आम्ही पाठ केले. मात्र ज्या समुद्राच्या काठी आपण जन्मलो, त्या समुद्रानेही जगाच्या इतिहासात असाच एक संस्कार केला आहे, याची जाणीव त्या पुस्तकांतून होत नसे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

हिंदी महासागराचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा वारा वर्षातून दोनदा दिशा पालटतो. उन्हाळ्यात आशिया खंडाची विस्तीर्ण भूमी समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा धावत येतो. हिवाळ्यात भूमी लवकर निवते आणि वारा ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतो. अरबी भाषेत ऋतूला 'मौसिम' म्हणतात. त्यावरूनच आपला 'मोसम' आणि पोर्तुगीजांचा 'मोंसांव' हे शब्द आले. या वाऱ्याशी भांडण करून शिडाच्या जहाजाला काहीच साधत नसे. जाण्याचा वारा एक आणि परतण्याचा वारा दुसरा, आणि या दोहोंच्या मध्ये काही महिने परक्या बंदरात मुक्काम. हा नियम राजाला, सावकाराला, खलाशाला आणि भिक्षूला सारखाच लागू होता.

माझ्या मते या सक्तीच्या मुक्कामातच हिंदी महासागराच्या संस्कृतीचे मर्म आहे. ज्याला परक्या गावात चार-पाच महिने राहावयाचे असते, त्याला तेथे घर भाड्याने घ्यावे लागते, तेथील भाषा थोडीबहुत शिकावी लागते, माल ठेवावयास वखार लागते, तंटा उद्भवल्यास न्याय मागावयास जागा लागते आणि आपल्या देवाचे नाव घ्यावयास एखादा कोपराही लागतो. यजमानालाही पाहुण्याचा माल हवा असतो. अशा रीतीने वाऱ्याने मनुष्याला थांबावयास लावले आणि थांबण्यामुळे त्याला शेजारधर्म शिकावा लागला.

या व्यवहाराची व्याप्ती केवढी होती पाहा. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की त्याच्या काळी तांबड्या समुद्रावरील म्युओस होर्मोस या बंदरातून सुमारे १२० जहाजे हिंदुस्थानाकडे जात असत. रोमन पंडित प्लिनी याने तर तक्रारच केली आहे की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोच, सोपारा, कल्याण, चौल आणि मलबारातील मुझिरिस ही बंदरे नावानिशी येतात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके येथील उत्खननात सेरापिस देवाच्या मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या एका रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी सापडली, आणि २०२२ मध्ये त्याच बंदरात देवालयाच्या परिसरात बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. मलबारची मिरी ईजिप्तच्या देवाच्या दारात आणि बुद्ध तांबड्या समुद्राच्या वाळवंटी किनाऱ्यावर, यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

इकडच्या बाजूचा पुरावा सह्याद्रीच्या खडकात कोरलेला आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून जुन्नर-पैठणकडे जाई. त्याच वाटांवर लेणी आहेत. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजणाला लोक आजही जकातीचा रांजण म्हणतात. बोरघाटाजवळील कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आढळतात. व्यापारी भिक्षुसंघाला दान देई आणि घाटवाटेवर त्याला विश्रांतीचे व विश्वासाचे स्थान मिळे. येथे देवालय व्यापाराच्या वाटेवरच उभे होते आणि त्यात उभयतांना कमीपणा वाटत नव्हता.

पूर्वेकडील समुद्रातही हेच दिसते. चिनी भिक्षू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे स्वदेशी परतताना यवद्वीपात सुमारे पाच महिने राहिला. इत्सिंग हा दुसरा भिक्षू इ. स. ६७१ मध्ये कँटनहून निघाला, तो वीस दिवसांच्या आत श्रीविजयास पोहोचला, आणि तेथे त्याने सहा महिने मुक्काम करून संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. बंदरातील थांबा असा विद्यालयाच्याही कामी येत असे. चीनमधील च्वानझौ या बंदरात तमिळ व्यापाऱ्यांचे शिवालय होते. तेथील १२८१ चा तमिळ-चिनी शिलालेख आजही उपलब्ध आहे.

आता आपल्या गोव्याकडे वळू. कदंब राजा पहिला जयकेशी याचा ताम्रपट पणजी येथे मिळालेला आहे. त्यात एक हृद्य कथा नमूद आहे. जयकेशीचा पूर्वज गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेस निघाला असता वाटेत त्याच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्याला गोपकपट्टण बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथे राहणाऱ्या एका श्रीमंत अरब व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. पुढे त्या व्यापाऱ्याच्या नातवाला, ज्याचे नाव ताम्रपटात छडम असे येते, जयकेशीने मोठ्या अधिकारपदावर नेमले, आणि त्याने बांधलेल्या 'मिजिगिती'च्या, म्हणजे मशिदीच्या, खर्चासाठी बंदरात येणाऱ्या नौकांवरील कराचे उत्पन्न लावून दिले. हे करणारे राजघराणे आपल्या बिरुदावलीत श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख करी. स्वतःच्या दैवतावरील निष्ठा आणि पाहुण्याच्या प्रार्थनास्थळाची तरतूद या दोन गोष्टी त्या राजांना परस्परविरुद्ध वाटल्या नाहीत.

ज्या सोमनाथाच्या यात्रेला गुहल्लदेव निघाला होता, त्या सोमनाथावर १०२६ मध्ये गझनीच्या महमुदाने घाला घातला, हे सर्वश्रुत आहे. त्याच सोमनाथ पाटणात १२६४ मध्ये होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज या जहाजमालकाने स्थानिक प्रतिष्ठितांच्या साहाय्याने जागा मिळवून मशीद उभारली. त्यासंबंधीचा लेख संस्कृत व अरबी अशा दोन भाषांत असून संस्कृत लेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार कालगणना दिलेल्या आहेत. ज्या नगराने महमुदाची तलवार पाहिली, त्या नगरातील पुढाऱ्यांना लुटारू आणि व्यापारी यांतील भेद कळत होता, असेच म्हणावे लागेल.

चिनी नौसेनापती चंग ह याने आणलेला १४०९ चा शिलालेख सिंहलद्वीपातील गॉल येथे १९११ मध्ये सापडला. तो चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत आहे. चिनी भाषेत बुद्धाला, तमिळ भाषेत विष्णूच्या अवताराला आणि फारसी भाषेत अल्लाला दाने अर्पण केल्याचे त्यात नमूद आहे. बंदरात उतरणाऱ्याने त्या बंदरातील सर्व देवांना वंदन करावे, हा या समुद्राचा शिष्टाचार होता.

अर्थात हा सुवर्णकाळ होता असे समजण्याचे कारण नाही. याच समुद्रावरून गुलामांचा व्यापार चाले. अरबस्तानातून गोव्यात उतरणारे घोडे विजयनगर आणि बहमनी यांच्या युद्धांसाठीच येत. चाचेगिरी होती आणि १०२५ मध्ये चोळांनी श्रीविजयावर आरमारी स्वारीही केली. तरीदेखील संपूर्ण समुद्र आपल्या मालकीचा आहे असे सांगून प्रत्येक नौकेकडून परवाना मागणारी सत्ता तोवर येथे उत्पन्न झाली नव्हती.

ती १४९८ नंतर आली. वास्को द गामा आफ्रिकेतील मालिंदीहून अनुकूल वाऱ्यावर २३ दिवसांत कालिकतच्या किनाऱ्यास लागला. परतताना मात्र तो वाऱ्यासाठी थांबला नाही. ऑक्टोबरच्या आरंभी आपल्याच अंजदीव बेटावरून निघून आफ्रिकेचा किनारा दिसावयास त्याला सुमारे तीन महिने लागले, आणि तेवढ्यात त्याचे तीसेक खलाशी रक्तपितीने मरण पावले. १५१० मध्ये आल्बुकेर्क याने गोवा घेतला, आदिलशाही फौजेने मे महिन्यात तो परत जिंकला, आणि पावसाळ्याने मुख बंद झाल्यामुळे पोर्तुगीज आरमार ऑगस्टपर्यंत मांडवीच्या पाण्यात उपाशी अडकून पडले. २५ नोव्हेंबरला त्याने शहर पुन्हा घेतले. वाऱ्याने दोनदा शिक्षा केली, पण तोफांच्या बळावर आलेल्या सत्तेने त्यापासून धडा घेतला नाही. पोर्तुगीजांच्या 'कार्ताझ' नामक परवान्याशिवाय फिरणारे जहाज पकडले जाऊ लागले.

समुद्रावर जे परवान्याने झाले, तेच जमिनीवर श्रद्धेच्या बाबतीत झाले. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, १५६० च्या दशकात साष्टीतील देवळांवर तीच वेळ आली, आणि १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायपीठ १८१२ पर्यंत टिकले. तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. येथे पुन्हा भूगोलच साहाय्यास आला. जुवारी नदीच्या पलीकडील अंत्रुज महाल विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होता आणि फिरंगी सत्तेची हद्द नदीच्या पाण्यापाशी संपत होती. ज्या सप्तकोटीश्वराचे नाव कदंब राजे लावीत, तोही दिवाडी बेटावरून नार्व्यास गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. गोवेकराच्या धर्मजीवनाचा नकाशा आजही या नद्यांनी आखलेला आहे. भाविक जेव्हा आपल्या मूळ गावापासून दूर, खाडीपलीकडे कुलदेवतेच्या दर्शनास जातो, तेव्हा तो नकळत याच इतिहासाच्या वाटेने चालत असतो.

आणखी एक नवल असे की देवळे पाडणाऱ्या त्याच राज्याला पुढे जकातीचे मक्ते आणि व्यापार चालविण्यासाठी हिंदू व्यापाऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागली. शेजाऱ्याला हाकलून बंदर चालत नाही, हे सत्य फर्मानांपेक्षा बलवत्तर ठरले.

आयुष्याचा मोठा भाग कचेरीतील वह्या भरण्यात गेल्यामुळे मला शब्दांच्या नोंदी तपासण्याची सवय जडली आहे. जकात-कचेरीला पोर्तुगीज भाषेत 'आल्फांदेग' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल्-फुंदुक' यावरून आला आहे. फुंदुक म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांची धर्मशाळा व वखार. त्याचेही मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचा अर्थ 'सर्वांना सामावून घेणारे घर' असा होतो. सर्वांना ठाव देणाऱ्या घराचे रूपांतर हळूहळू सर्वांकडून कर घेणाऱ्या कचेरीत झाले. या एका शब्दाच्या प्रवासात हिंदी महासागराचा अर्धा इतिहास आला आहे.

पुढे वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि वाऱ्याची वाट पाहण्याची गरज संपली. आज अवाढव्य मालवाहू जहाजे मोजक्या वेळात माल उतरवून निघून जातात. खलाशाला बंदराचे नावही ठाऊक नसले तरी चालते. व्यापार शतपटींनी वाढला, पण परक्याच्या अंगणात चार महिने राहून जे शिक्षण मिळत असे, ते देणारी शाळा बंद पडली. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करण्याची आपली प्रथा त्या जुन्या शिस्तीची आठवण आहे. समुद्र केव्हा बंद आणि केव्हा खुला हे मनुष्याने ठरवावयाचे नसते, हा विनय त्या नारळात आहे.

'महाजन' या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक मोठा व्यापारी अथवा सावकार, आणि दुसरा देवस्थानाचा कारभार वाहणारा कुळवंत. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात याला इतिहासाचा आधार आहे, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. वखारीतून मिळालेले देवालयाकडे जावे, देवालयाने वाटसरूला आसरा द्यावा आणि परक्याच्या देवालाही आपल्या बंदरात जागा असावी, या तीन गोष्टी एकत्र होत्या तोवर हा किनारा समृद्ध होता. त्यांतील तिसरी तुटली तेव्हा आपले देव परागंदा झाले. अग्रशाळांतून उतरणाऱ्या पाहुण्याला त्याचे गाव आणि गोत्र विचारण्यापूर्वी आपण पाणी देतो. ती रीत जपणे हे देवालयाचे शिखर जपण्याइतकेच महाजनांचे कर्तव्य आहे, एवढेच सुज्ञ वाचकांच्या चरणी निवेदन करून लेखणी आवरतो.