जेसोरचा खजिनदार आणि रूपविकारी तारे

जेसोर (आता बांगलादेशात) इथल्या सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र नावाचे एक कर्मचारी होते. काम नाणी पारखण्याचे. जन्म १८७८ चा. प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झाले आणि शिक्षण तिथेच सुटले. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू त्यांनी साध्या द्विनेत्रीतून पाहिला, आणि दोन वर्षांनी तुटपुंज्या पगारातून तीन इंची दुर्बीण इंग्लंडहून मागवली.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा प्रकटला. चंद्रांनी तो घरून पाहिला, नोंदी केल्या आणि हार्वर्ड वेधशाळेला कळवले. त्यातून रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळाशी त्यांचा संबंध जुळला.

रूपविकारी म्हणजे ज्यांचे तेज बदलत राहते असे तारे. तिमिंगल समूहातला मीरा सुमारे ३३२ दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका उजळतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. असे शेकडो तारे वर्षानुवर्षे पाहत बसायला वेधशाळांकडे ना वेळ होता, ना पुरेशा दुर्बिणी. हौशी माणसाला मात्र अंगण पुरते. रीत अगदी सोपी: शेजारचे दोन स्थिर तारे निवडायचे. समजा, एक ७.२ प्रतीचा आणि दुसरा ७.६ प्रतीचा आहे. आपला तारा दोहोंच्या बरोबर मध्ये वाटला तर ७.४ लिहायचे, सोबत तारीख आणि वेळ. (नाणी पारखणाऱ्या डोळ्याशी याचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो!)

मग अमेरिकेला जेसोरची गरज काय? मीरासारख्या संथ ताऱ्याची एखादी रात्र चुकली तरी बिघडत नाही. पण हंस समूहातला 'एसएस' तारा एक-दोन दिवसांतच भडकतो. त्या वेळी अमेरिकेत दिवस असेल तर आलेखात भोक पडते. ते बुजवायला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी जागे हवे. पावसाळ्यात बंगालचे आकाश झाकले की हेच काम उलट दिशेने होई.

१९२६ मध्ये मंडळाने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. फाळणीनंतर ते कलकत्त्याजवळ बारासातला आले. ही दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंच्या हाती गेली. १९५४ पर्यंत चंद्रांच्या नोंदी ३७ हजारांवर गेल्या होत्या. १९७५ मध्ये ते वारले. त्या काळातल्या ताऱ्यांचे आलेख आज काढायला बसलो, तर त्यांतले काही ठिपके जेसोरच्या त्या घरातले असतात.