समोर इमारत असेल तर फ्लॅटमध्ये परदेशी चॅनेल दिसतात का?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने ते आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात. डिशपासून उपग्रहापर्यंतची सरळ रेषा मोकळी हवी. मध्ये भिंत किंवा दाट झाड आले, तर डिश कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही.

उदाहरणार्थ, १०५.५ अंश पूर्वेवरचा एशियासॅट-७ मुंबईहून पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंचीवर येतो. पश्चिमेकडच्या बाल्कनीतून तो मिळत नाही, कारण आपलीच इमारत आड येते. बाल्कनी पूर्वेला असेल तर हिशेब सोपा आहे: समोरची इमारत डिशपेक्षा जितकी उंच, त्याहून जास्त अंतरावर असेल तर ती आड येत नाही.

सी-बँडवरच्या चॅनेलसाठी साधारण सहा ते आठ फुटांची डिश लागते. ती बाल्कनीत मावत नाही, सोसायटीच्या परवानगीने गच्चीवरच बसवावी लागते.

तेही जमत नसेल, तर डिशवर खर्च करू नका. एनएचके वर्ल्ड, डॉइचे वेले, फ्रान्स २४ आणि अल जझीरा इंग्रजी यांचे थेट प्रक्षेपण त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत पाहता येते.