गळाची मासेमारी

गळ, दोर आणि आमिष यांच्या साहाय्याने एकेक मासा धरण्याची पद्धत. कोकणात गळाला गरी आणि या मासेमारीला गरवणे म्हणतात. पोटासाठी गरवणारे किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रस्तुत नोंद छंद म्हणून या मासेमारीकडे वळणाऱ्या महाराष्ट्रातील नवख्यापुरती आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात हौसेखातर शिकार करण्याचा परवाना मिळत नाही. शिकारकथा वाचून रानाची ओढ लागलेल्याला कायद्याने मोकळे उरते ते गळ टाकणे, तेही अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने वगळून.

हा छंद इंग्रजांनी आणला असा समज आहे, पण तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोद हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणते खाद्य आवडते, गळ टाकण्यापूर्वी त्यांना खाऊ घालून कसे जमवावे, हे सारे त्यात येते. इंग्रजी अमदानीत कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन केले (१८३९), तर एच. एस. थॉमस याच्या ‘द रॉड इन इंडिया’ने (१८७३) साहेबी हौशीला हाताशी पुस्तक दिले. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या मुंबईच्या पवई तलावावर हौशी गळकऱ्यांची संघटना आजही आहे.

नवखा माणूस बहुधा आधी दुकानात जातो. खरे तर खाडीवर गरवण्यासाठी तंगूस (नायलॉनचा दोर), शिसे आणि दोन-तीन मापांचे गळ एवढे पुरते. तंगूस बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून हातानेच फेकतात. काठी आणि रीळ यांमुळे पल्ला वाढतो, पण मासा दोराला लागला की बोटाला काय कळते, हे हातगरीनेच लवकर समजते. आमिषाला कोळंबीचा तुकडा पुरेसा असतो.

शिकायचे असते ते पाणी. खाडीत मासा भरती-ओहोटीच्या तालावर खातो, म्हणून घड्याळाआधी पंचांग पाहावे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ ढोबळपणे मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. हा हिशेब मुंबईच्या आसपास जुळतो. गोव्याकडे पाणी थोडे आधी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह इतका ओढतो की हलके शिसे तळाला ठरतच नाही, आणि अष्टमीच्या भांगात पाणी मंद असते. नवख्याला मधल्या तिथी सोयीच्या. भरती चढू लागली की बोय आणि काळुंदर चरण्यासाठी खाडीत आत सरकतात. ओहोटी लागल्यावर तिवरांच्या मुळांत शिरलेली कोळंबी आणि बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर निघते, तेव्हा जिताडा आणि तांबोशी ओहळाच्या तोंडाशी टपून असतात. भर ओहोटीला, पाणी उतरलेले असताना, एकदा नुसते फिरून खड्डे, खडक आणि ओहळांची वळणे पाहून ठेवावीत. भरतीत वर सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली नेमके काय आहे ते मग ठाऊक असते. हा फेरफटका महागड्या रिळापेक्षा जास्त मासे देतो.

गोड्या पाण्यात भरती नाही, म्हणून तिथे ऋतू पाहायचा. रोहू आणि मृगळ यांना कणकेचा गोळा, चिलापीला गांडूळ. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे अधूनमधून वर येऊन ती आपला ठाव स्वतःच सांगते. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा आणि त्याखाली राखणीला आईबाप दिसले की तिथे गळ टाकू नये. राखण गेली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतांकडे चढणारी वळगणीची मासळीही अंड्यांनी भरलेली असते. तिच्यावर सारा गाव तुटून पडतो आणि तो सणच असतो हे मान्य करूनही, छंदासाठी आलेल्याने त्यात भर घालण्याचे कारण नाही.

बहुतेक धरणांतील मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. त्यांना विचारल्याशिवाय काठी उघडू नये. १ जून ते ३१ जुलै ही समुद्रातील बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, पण त्या दिवसांत खडकांवर उभे राहणे जिवावर बेतते. महाडजवळ वाळणकोंडीत आणि तिळसे येथे देवस्थानाच्या नावाने राखलेले महसीर आहेत. तिथे मासे फक्त पाहावेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवर महसीरची पैदास करते.

मासा सोडून द्यायचा असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकावा आणि हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. चिलापी मात्र बाहेरून आलेली. ती एका तळ्यातून दुसऱ्यात नेऊन सोडू नये. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाची शेपटी यांची जखम कित्येक दिवस ठणकते. सावित्रीच्या पात्रात, सांगलीकडच्या कृष्णेत आणि पवईत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरून गळ सोडवू नये. खाडीत तंगूस अचानक कापली गेली तर बहुधा केंड मासा असतो. तो वर आलाच तर फुगतो, पोरांना मौज वाटते. पण तो खाऊ नये, त्याचे विष शिजवून जात नाही.